भाजीची ओपीडी

फोन आला तेव्हा शालूने आदल्या दिवशी पसरवलेली स्लाइड माझ्या मायक्रोस्कोपखाली होती. पलीकडून शालूची पिपरी मेघेची शेजारीण बोलत होती. डॉक्टरबाई गेल्या म्हणाली, झोपेतच, सकाळी दूधवाल्याला दार उघडलं नाही तेव्हा कळलं. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला. काय करणार? स्लाइड ज्या बाईची होती ती आंजीहून परत येणार होती, तिला उत्तर हवं होतं. शालू गाठीत सुई घालून पेशी काढायची, काचेवर पसरवायची आणि माझ्याकडे पाठवायची. तिची स्लाइड नेहमीच एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला विरळ. इतकी वर्षं मी तिला त्यावरून बोलत आले. काच अशी ओढ, हात हलका ठेव... ऐकेल तर शपथ! त्या दिवशी त्या जाड थरात पेशी शोधताना वाटलं, ही गेली कुठे? हात तर इथेच आहे तिचा. ट्रेमध्ये आणखी काही स्लाइड होत्या. शालूला स्मशानात पोहोचवून आल्यावर मी त्या वाचायला बसले, आणि संपूच नयेत म्हणून सावकाश वाचल्या.

शालूला, म्हणजे डॉ. शालिनी ठोंबरेला, वर्ध्यात आणलं ते मी. हे मी अजूनही मिरवते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्या मेडिकल कॉलेजला ब्रेस्ट कॅन्सरचं स्वतंत्र पथक उभारायचं होतं. सर्जन, रेडिओथेरपीवाले, पॅथॉलॉजीतून मी, शिकणारी पोरं, संशोधन, कागदावर सगळं झकास. फक्त त्याला प्रमुख मिळेना. जाहिरात दिली की मोठमोठ्या शहरांतले लोक यायचे, इथलं ऊन बघायचे, बायको इथे काय करेल म्हणून विचारायचे आणि संध्याकाळच्या गाडीने पसार व्हायचे. शेवटी डीनसाहेब मला म्हणाले, तुमची नागपूरची वर्गमैत्रीण मुंबईत सर्जन म्हणून नाव काढून आहे म्हणे, तिलाच आणा. मी एसटीडी बूथवरून फोन लावला. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "काऊन गं, मले वनवासात धाडून राह्यली काय?" पण आली. नुसती बघायला म्हणून आली.

डीनसाहेबांनी तिला दाखवायला ऑपरेशन थिएटर धुऊनपुसून लख्ख करून ठेवलं होतं. दुपारी पुरणपोळीचं जेवण, तुपाची वाटी वेगळी. आणि ही बाई जेवणालाच गायब! शोधलं तर ओपीडीबाहेरच्या बाकावर एका म्हाताऱ्या बाईला खेटून बसलेली. त्या बाईची गाठ फुटून जखम झाली होती. आमच्याकडे बहुतेक जणी त्या अवस्थेतच यायच्या. मी शालूला आधीच सांगून ठेवलं होतं की अडाणीपणा, दुसरं काय. तिने मला हातानेच गप्प केलं आणि बाईला विचारलं, इतके दिवस काऊन थांबल्या? बाई म्हणाली, "मले का समजत नव्हतं? पण दवाखान्यात जातो म्हटलं तं घरचे सतरा गोष्टी इचारतीन. बाजारालेच काय ते एकटी येतो मी."

दुसऱ्या दिवशी मुलाखत. शालूने घर मागितलं नाही, यंत्रं मागितली नाहीत. अट एकच घातली. ओपीडी बाजाराच्या दिवशी भरेल, आणि बाई एकटी आली तरी तपासली जाईल. आठवडी बाजार नेमका सुटीच्या दिवशी. समितीतले एक ज्येष्ठ सर म्हणाले, मॅडम, ही शिक्षणसंस्था आहे, जत्रा नाही. शालूने पर्स उचलली आणि ती उठलीच. डीनसाहेबांनी तिला परत बसवलं आणि तोंड कडू करून का होईना, हो म्हटलं.

पण बाजाराला म्हणून निघालेली बाई रिकाम्या पिशवीने घरी कशी जाणार? तपासणी, एक्स-रे, सुई यातच दुपार उलटायची आणि बाजारात सडकी वांगी उरायची. मग शालूने वॉर्डातल्या आया चंद्रकलाबाईंना बाजारात पिटाळायला सुरुवात केली. बाया आल्या की पिशव्या खिडकीच्या गजांना अडकवायच्या, काय हवं ते सांगायच्या, आणि इकडे सुई होईतो तिकडे वांगी, मेथी, सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) हजर. शिकणाऱ्या पोरांनी नाव ठेवलं, भाजीची ओपीडी. बाहेरगावचे प्राध्यापक हसायचे. हसोत बापडे. एकदा एकाच घरातल्या दोन जावा, एकमेकींपासून चोरून आलेल्या, बाकावर समोरासमोर आल्या. दोघींनी पदर तोंडाला लावला तो काढेनात. चंद्रकलाबाईंनी दोघींच्या पिशवीत सारखीच भाजी भरून आणली तेव्हा कुठे त्यांना हसू फुटलं, सासूला आता काय सांगायचं म्हणून. धाकटीची गाठ साधी निघाली, थोरलीची नाही. पुढे दर वेळी थोरलीला धाकटीच घेऊन यायची. थोरली आजही शेतात जाते, कारण ती वेळेत आली.

सगळंच असं गोड नव्हतं. एक नवरा दोन माणसं घेऊन आला आणि मला न विचारता माझ्या बायकोला सुई टोचलीच कशी म्हणून टेबलावर हात आपटू लागला. पोरं भिंतीला टेकली. शालू बसल्या जागेवरून म्हणाली, "तिला विचारलं होतं. गाठ तिच्या अंगात आहे." तो खाली बसला आणि त्याने विचारलं, वाचेल ना ती?

आता बाजाराच्या आदली संध्याकाळ मला खायला उठते. त्या वेळी तिचा फोन यायचा, उद्या लवकर ये गं आळशे. अजून मी टीव्ही बंद करून फोनजवळ बसते. कशाला, ते विचारू नका. कॉरिडॉरमध्ये तिच्या चपलांची फटफट ऐकू येते. नालवाडीच्या रस्त्याला एखादी पाठमोरी बाई दिसली की रिक्षा थांबवते, आणि ती वळली की मेल्याहून मेल्यासारखं होतं. भास आहे, कळतं मला. दिसतं काय आणि असतं काय, हे ओळखण्यात माझा जन्म गेला. तरी चपला वाजतात...

तिच्या जागेसाठी जाहिरात निघाली आणि मला पुन्हा समितीवर घेतलं. दोघं आले, दोघंही हुशार. बाजाराच्या दिवसाचं मी दोघांनाही विचारलं. पहिला म्हणाला, आठवड्यातले बाकीचे दिवस पुरेत की. दुसरीने फार नम्रपणे विचारलं, या बायका घरी सांगत का नाहीत? तेवढ्यात दाराबाहेर चपला वाजल्या आणि मी मान वळवली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. नवे डीन म्हणाले, योग्य माणूस मिळेपर्यंत सुटीची ओपीडी बंद ठेवू, पुढचं पुढे बघू. हे 'पुढचं पुढे' मी आयुष्यभर पाहिलंय. त्याचा अर्थ कायमचं बंद. माझा संताप संताप झाला. शालूला जाळून आलो, आता तिची ओपीडीही जाळायची? हे वाचणाऱ्यांत कोणी सर्जन असेल तर अर्ज करावा. ऊन कडक आहे, गाव लहान आहे, आणि सुटी मिळणार नाही.

गेल्या बाजाराच्या दिवशी काही काम नसताना मी कॉलेजात गेले. शालूच्या खोलीला कुलूप होतं आणि बाकावर तीन बाया बसलेल्या. पिशव्या गजांना अडकवलेल्या. जरा चिडूनच विचारलं, डॉक्टरबाई वारल्या, तुम्हाला कोणी सांगितलं नाही का? त्यातली वयाने मोठी होती ती म्हणाली, "मालूम हाय नं. आमच्या घरी चूल नाई पेटली त्या दिवशी. पण बाजार तं आजच हाय नं, बाई."

चंद्रकलाबाईही आल्या होत्या, कोणी बोलावलं नसताना. त्यांनी सवयीने पिशव्यांकडे हात नेला आणि मध्येच थांबून माझ्याकडे पाहिलं. मी सर्जन नाही. पण सुई घालता येते मला, पुढे सर्जनकडे पाठवता येतं. मी म्हटलं, जा, आणि वांगी बघून आणा. त्यांच्याकडून किल्ली घेऊन दार उघडलं. आत शालूची खुर्ची ती उठून गेली होती तशीच, थोडी तिरकी. पहिली बाई आत आली, त्या रिकाम्या खुर्चीला तिने वाकून नमस्कार केला, आणि मग पोलक्याची बटणं सोडत माझ्याकडे वळली. त्या खुर्चीत बसायची माझी छाती झाली नाही. मी उभ्यानेच गाठ चाचपली.