एकच आजोळ

आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन वाशीमला झालं आणि डॉक्टरांनी काही दिवसांसाठी चार गोष्टी बंद केल्या. वाकणं, डोक्यावरून अंघोळ, वाचन आणि रडणं. बाकीचं आईनं मान्य केलं. वाचन बंद, हे तिला पटलं नाही. वडील गेल्यापासून ती वाचनालयातून कादंबऱ्या आणायची आणि अर्धी राहिलेली कादंबरी तिला झोपू द्यायची नाही.

म्हणून आम्ही दोघी बहिणी आलो. ताई मेडशीहून, डोळ्यांत थेंब टाकायला, कारण तिचा हात स्थिर आहे. मी अकोल्याहून, वाचून दाखवायला. येताना ताईनं शेतातल्या तुरीच्या ओल्या शेंगा पिशवी भरून आणल्या होत्या. सकाळचा चहा झाला की आई काळा चष्मा लावून पलंगावर टेकून बसायची, ताई खाली शेंगा सोलायची आणि मी वाचायचे.

कादंबरी दोन बहिणींची होती. श्रीमंत घर, नोकरचाकर आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं काहीतरी गुपित. ताईला ती सुरुवातीपासून पटत नव्हती.

“एवढे नोकर घरात, अन् बाईले पत्ता नाही?” ती म्हणायची. “आमच्या मेडशीत कोनाच्या घरी कप फुटला तं बसस्टँडवर कळते.”

“शहरातली मानसं हायेत थे,” आई म्हणायची. “तू शेंगा सोल.”

“सोलूनच राह्यली ना. कान तं रिकामे हायेत माहे.”

तिसऱ्या की चौथ्या सकाळी मोठ्या बहिणीचं प्रकरण आलं. जिनं तिला वाढवलं ती तिची जन्मदाती नाही, हे तिला कळतं. मी एक परिच्छेद वाचला असेल.

“बंद कर,” आई म्हणाली. “पुढं वाचू नको. मले झोप येऊन राह्यली.”

चहाचे कप अजून तिथंच होते. ताईचे हात चालूच राहिले. “वाचू दे तिले. मले शेवट पायजे.”

“बंद म्हनलं ना!”

ताईनं एक शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले आणि वर न बघता म्हणाली, “माय, मले ठाऊक हाय.”

मला मात्र काहीच ठाऊक नव्हतं. पुढच्या घटकाभरात, तुकड्या-तुकड्यांनी, दोघींच्या तोंडून जे कळलं ते असं.

आमच्या समोरच्या खोलीत, बुद्धमूर्तीच्या बाजूला, एका तरुण बाईचा फोटो आहे. आईची थोरली बहीण. आम्ही तिला मोठी मावशी म्हणत आलो आणि वैशाखी पौर्णिमेला तिच्या फोटोलाही फूल वाहत आलो. ती वडिलांची पहिली बायको होती. ताई तिची. ताई चालायलाही लागली नव्हती तेव्हा ती तापानं गेली. आमच्याकडे अशा वेळी धाकट्या बहिणीला त्याच घरी देतात, म्हणजे लेकराला परकी आई येत नाही. आईला तसंच दिलं. पुढं वडिलांची बदली झाली, वाशीमच्या शेजाऱ्यांना आधीचं काही माहीत नव्हतं आणि मग मी झाले.

दोन आयांच्या मुली एरवी सुट्टी लागली की ओळखू येतात. एक एका गावाला जाते, दुसरी दुसऱ्या. आम्ही दोघी मानोऱ्याच्या एकाच एसटीत बसायचो. मामा तोच, आजी तीच, आंब्याच्या पाटीतला वाटाही सारखाच. आजोळ एकच असल्यामुळे घरात कोणाला खोटं बोलावंच लागलं नाही.

“कोनं सांगतलं तुले?” आईनं विचारलं.

“मामीनं. मी मॅट्रिकले होती तवा. मामासंग भांडली अन् राग माह्यावर काढला.”

“अन् तू मले बोलली नाही. एवढी वर्षं.”

“बोलली असती तं तू मले मारनं सोडलं असतं.”

आईला ते समजलं नाही. ताईनं समजावून सांगितलं. आमच्या गल्लीत तेव्हा एक सावत्र आई होती. लोक काय म्हणतील या धाकानं तिनं सावत्र मुलीवर कधी हात उगारला नाही. “बेटा बेटा करे,” ताई म्हणाली. “पह्यलं ताट तिले वाढे. पाहुनी असल्यावानी. मले नव्हतं व्हायचं पाहुनी.”

“म्या तुले लय मारलं, पोरी. हिच्याहून जास्त.”

“मंग? खोड्या बी माह्याच जास्त होत्या. ही तं कोपऱ्यात पेपर वाचत बसे.”

“लाटनं तुटलं होतं एकदा.”

“थे अगोदरचंच चिरलेलं होतं, माय. तुह्यात एवढी ताकद कुठं?”

आई हसली आणि लगेच तिचा हात चष्म्याखाली गेला. ताईनं उठून तो धरला. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून, पिळून, तिनं आईच्या गालावरून फिरवला. डोळ्याच्या कडेपर्यंत, डोळ्याला न लागता.

“मले एकच भेव होतं,” आई म्हणाली. “तुले कळलं का तू मले मावशी म्हनशील. तोंडानं नाही म्हनली तं मनात म्हनशील.”

“मॅट्रिकपासून किती हाका मारल्या तुले. एकदा तरी वाटलं तसं?”

“नाही.”

“मंग झालं तं.”

ताई पुन्हा खाली बसली. पण शेंगांना तिनं हात लावला नाही.

“आता तू मले एक सांग,” ती म्हणाली. “तुले वाईट वाटन म्हनून इचारलं नाही कधी. थे कशी होती? फोटोत तं रागावल्यावानी दिसते.”

थोरल्या बहिणीबद्दल आई कधी एका वाक्याच्या पुढं बोललेली नव्हती. ‘लवकर गेली’ एवढंच.

“रागावली नाही थे. हसू दाबून राह्यली होती,” ती म्हणाली. “शिरपूरले काढला थो फोटो. फोटोवाला काळ्या कपड्यात डोकं घालून ‘हलू नका, हलू नका’ म्हने, अन् सवताच तिपाईले अडकून पडला. मी तं बाहेर पयाली हसत. तिले बसनं भाग होतं.”

“अन् तुले मारे का?”

“मारे? तिचा हात माह्याहून भारी! एकदा मी विहिरीत वाकून पाह्यलं, तं असं धोपटलं मले! मंग सवताच रडत बसली. आमच्या बाबाले वाटलं, तिलेच लागलं.”

ताईनं पदर तोंडाला लावला होता. हसत होती की काय, ते दिसत नव्हतं.

“आनखी.”

“आनखी काय सांगू?”

“काई बी. चाले कशी?”

“चाले?” आई म्हणाली. “पुढं पुढं. संगातल्याची वाट नाही पाह्यची. मी मांगून वरडो, ‘अवं, थांब ना!’ तं वळून म्हने, ‘ये ना मंग. पाय हायेत ना तुले!’”