पंगत उठेना

कॉम्प्युटरवर मी आजवर जी कामं केली, त्यातलं सगळ्यात देखणं काम जिलबीमुळे झालं. हे सांगताना मला तिळमात्र संकोच वाटत नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. विश्रामबागला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायचो. शिकवायचो म्हणजे विद्यार्थ्यांच्या एक धडा पुढं असायचो. कधीकधी तोही नाही. क्लासच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त सुभेदार राहायचे, मूळचे पाटणकडचे. त्यांची मुलगी लग्न होऊन मलकापूरला गेली, आणि अमेरिकेत नोकरीला असलेल्या मुलाला नेमकी रजा मिळाली नाही. बहीण अशी चिडली, की भावाचा फोन आला की उचलून घरातल्या कुणाच्या तरी हातात द्यायची आणि निघून जायची. आधी माहेरी, मग सासरीही.

एके दिवशी सुभेदार अल्बम काखोटीला मारून खाली आले.

"मास्तर, हे फोटू इंटरनेटवर टाकता येत्यात म्हनं?"

"येतात की," मी म्हणालो. येत असतीलही. मला येत नव्हते.

"मग टाका सगळे. पन शेवटचा पोराला दिसलाच पायजे."

शेवटचा पाठवणीचा होता. नवऱ्याचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. हिनं एकाही चुलतभावाला त्या कानाजवळ फिरकू दिलं नव्हतं. आणि गाडीत बसायच्या वेळी, सगळे डोळे पुसत असताना, हिनं स्वतःच नवऱ्याचा कान धरला होता आणि ती थेट कॅमेऱ्यात बघत होती. कुणासाठी, ते वेगळं सांगायला नको.

"हा एकच पोस्टानं पाठवा ना," मी अंग चोरत म्हणालो.

"पोरगी न्हाई म्हनती. आधी सगळं लगीन पहिल्यापासनं बघू दे त्याला, मग शेवटी ह्यो. मधनं उडी मारायची न्हाई."

मी कामाला लागलो. फोटो शे-सव्वाशे. प्रत्येक फोटोचं एक वेगळं पान केलं, आणि प्रत्येक पानाखाली 'मागे' आणि 'पुढे'. कोणामागे कोण आणि कोणापुढे कोण, हे प्रत्येक पानात हातानं लिहिलं. असा मूर्खपणा करायला चिकाटी लागते, आणि ती माझ्याकडे भरपूर होती. विद्यार्थ्यांना बोलावून दाखवलंसुद्धा.

मुलाला कळवणार, तोच नवरीचे मामा कराडहून आले. त्यांनी खुर्चीत बसून सगळं लग्न बघितलं आणि चष्मा काढला.

"माझा फोटू कुठाय?"

"हा काय, अंतरपाटाजवळ."

"ही माझी पाठ हाय! व्याह्यांना जिलबी भरवतानाचा कुठाय?"

तो मी मुद्दाम वगळला होता, कारण त्यात व्याह्यांचा जीव गुदमरलेला दिसत होता. पण मामाचा मान म्हणजे मान. मी पंगतीतलंच आधीचं एक पान उचललं, त्याची नक्कल केली, फोटो बदलला आणि मामांना पंगतीच्या शेवटी बसवलं. 'पुढे'खालचं नाव बदलायचं राहिलं. ते जुनंच होतं, म्हणजे पंगतीच्या सुरुवातीचं. मी तपासलं नाही असं नाही. मामा दिसतात का, तेवढं तपासलं आणि मुलाला कळवलं.

रविवारी वरच्या मजल्यावरून हाक आली. मुलाचा फोन होता. सुभेदारांनी रिसीव्हर माझ्या हातात ठेवला.

"मास्तर, पंगत उठंना ओ! मामा चौथ्यांदा जिलबी घेऊन आलाय."

"आग्रह करतायत ते," मी म्हणालो.

"व्याही मरतील की! आणि माझी बहीण कुठाय?"

सुभेदारांनी विचारलं, "रिपोर्ट काय?"

"थोडा बिघाड आहे."

"थोडा? पलटण गोल फिरतीया आन् तुमी थोडा म्हनताय!"

खाली जाऊन मी मामांच्या पानावरचं ते नाव बदललं. पंगत उठली. तेवढ्यात काकूंचा, म्हणजे सुभेदारांच्या पत्नीचा, निरोप आला की निरोपाच्या वेळचा माझा तोंड वासलेला फोटो काढून टाका. टाकला काढून. त्याच्या शेजारच्या पानाला मात्र कुणी सांगितलं नाही. ते 'पुढे' म्हटलं की काकूंकडेच बोट दाखवायचं, आणि काकू तर गेलेल्या. पाठवणीच्या अगदी उंबऱ्यावर मुलाला कोरं पान दिसलं.

या वेळी त्यानं थट्टा केली नाही. "राहू दे अप्पा," तो वडिलांना म्हणाला, "मी बघावं अशी तिची इच्छाच नसंल." सुभेदारांनी हे मला जसंच्या तसं सांगितलं आणि ते जिना चढून गेले. मला रागावले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी क्लासला सुट्टी दिली. आता ठिगळ लावायचं नाही, असं ठरवलं. माझी चूक एका पानात नव्हती, मांडणीत होती. पंगतीत कुणाला शेजाऱ्याचं नाव पाठ असावं लागत नाही. वाढपी रांगेनं जातो, बस्स. मी मात्र प्रत्येक पाहुण्याला शेजाऱ्यांची नावं घोकायला लावली होती. म्हणून सगळ्या फोटोंची नावं एकाखाली एक, एकाच जागी लिहिली. पान एकच ठेवलं. रांगेत आपण कुठं आहोत ते बघून मागचा-पुढचा कोण, हे तेच ठरवू लागलं. पहिल्या फोटोवर 'मागे' नाही, शेवटच्यावर 'पुढे' नाही. मग ती शे-सव्वाशे पानं पुसली. पुसण्याआधी प्रत्येक पान एकदा शेवटचं बघून घेतलं, खोटं कशाला सांगू?

पुसून झाल्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत गेलो, शेवटापासून पहिल्यापर्यंत आलो, प्रत्येक फोटोवर थांबून. कुठंही अडलं नाही. मग मुद्दाम वर जाऊन काकूंना विचारलं, "अजून कुणाला काढायचंय? कुणाला पुढं बसवायचंय?" त्यांनी हौसेनं तिघांच्या जागा बदलल्या. मी तीन ओळी वर-खाली केल्या आणि चहा संपायच्या आत काम झालं. असा ताठ मी आयुष्यात कधी बसलो नव्हतो. काही न दिसणाऱ्या कामाचा इतका गर्व होऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मुलाला कळवलं. त्याचा काहीच निरोप आला नाही. तिसऱ्या दिवशी सुभेदार खाली आले आणि दारातच उभे राहिले.

"लेकीचा फोन सकाळपासनं एंगेज. आत्ता कुठं लागला."

"कुणाशी बोलत होत्या?"

"भावासंगं. म्हंजी भांडत व्हती."

"कशावरनं?"

"त्यो म्हनला, चुकीचा कान धरलास. ही म्हनली, मग यायचं व्हतंस."