भोकं उघडी असतील तर

नागपंचमीच्या सकाळी, घरोघरी चहा चढलेला असताना, घाटकोपरच्या आमच्या टेकडीवरची संरक्षक भिंत कोसळली आणि संज्योत गावकर तिच्याखाली गेली. पण तिच्यावर अन्याय झाला तो त्या दुपारी. ढिगारा अजून उपसला जात होता, आणि छत्रीखाली उभा असलेला एक साहेब कॅमेऱ्यापुढे म्हणाला, "त्या मॅडमच्याच कॉम्प्युटरने भिंत स्थिर आहे म्हणून सांगितलं होतं." मी चार हात लांब उभी राहून हे ऐकलं. तेव्हा बोलायचं राहिलं, ते आता लिहितेय.

संज्योत माझी शेजारीण, शाळेतली एकाच बाकावरची. पुढे मी मोर्च्यात गेले, ती मातीच्या अभ्यासात. तिचं काम काय होतं ते कुणी धड छापलेलं नाही. पूर्वी ढासळलेल्या आणि टिकलेल्या उतारांची माहिती ती संगणकाला शिकवायची : उतार किती उंच, किती तिरका, माती किती चिकट, आत पाणी किती. त्यावरून तो नव्या उताराचा अंदाज सांगायचा, स्थिर की अस्थिर. या हिशोबाला ती मॉडेल म्हणायची. ही कुंडली नव्हे. पाण्याचा आकडा बदला, उत्तर बदलतं. एवढंच समजवायला आम्ही दोघी वॉर्ड ऑफिसात गेलो, तर हेच साहेब टेबलाखाली डोकावून म्हणाले, "मॉडेल कुठाय? आणलं नाही?" त्यांना थर्माकोलचं हवं होतं, शाळेच्या प्रदर्शनात असतं तसलं! बाहेर येऊन मी तणतणत होते, तर ही हसतेय. "पुढच्या वेळी नेऊ गं. वर दोन झाडंपण चिकटवू."

चाळीच्या बैठकीत तिने आमच्या भिंतीबद्दल स्वच्छ सांगितलं होतं, "स्थिर आहे, भोकं उघडी असतील तर." डोंगरात मुरलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून भिंतीत ठेवलेली ती भोकं. लोकांनी 'स्थिर' ऐकलं आणि टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही तेवढंच उचललं आणि पाहणी रद्द केली. उरलेलं वाक्य सांभाळत बसली ती एकटी. मोडक्या छत्रीची काडी घेऊन दर रविवारी भोकं साफ करायची. बायका चिडवायच्या, "काय गं, भिंतीचे कान कोरतेस?"

आषाढ सरता सरता ती आठवडाभर मामाकडे मालवणला गेली आणि इकडे चाळीने श्रावणातल्या सत्यनारायणासाठी भिंत रंगवली. गुलाबी. भोकं सिमेंटने बुजवून! परत आली तेव्हा आमचे सेक्रेटरी परबकाका कौतुकाने दाखवत होते, "गो, त्यातसून उंदीर येतत, चिखल येता. आता बघ, कशी झकास दिसता." ती सरळ वर गेली. संगणकात पाण्याचा आकडा बदलला आणि तशीच खाली आली. अस्थिर. गवंड्याला बोलावलं, तर तो म्हणाला, उद्या नागपंचमी, परवा येतो.

सकाळी पाऊस धरून होता. तिने दारं बडवून भिंतीलगतच्या मागच्या सगळ्या खोल्या रिकाम्या केल्या, परबकाकांची आधी. मग त्यांचीच छिन्नी मागितली.

"गो, आज माती खणू नये."

"माती नाही काका, तुमचं सिमेंट खणतेय."

मी वरून ओरडले, "संजू, पुरे ना यार, चल वर!"

"एक भोक होऊ दे गं… थोडं पाणी तरी सुटेल."

तेवढंच बोलली, आणि भिंत आली. मागच्या खोल्यांतलं एक माणूसही दगावलं नाही.

आता शहाणी माणसं मला ऐकवतात, यंत्रावर एवढं विसंबू नये. अहो, विसंबलात कधी? अर्धं वाक्य ऐकलंत, उरलेल्या अर्ध्यावर गुलाबी रंग मारलात, आणि आता दोष तिच्या गणिताचा?

तिची काडी माझ्या दाराशी खिळ्याला अडकवलेली आहे. टोकाला अजून वाळलेली लाल माती आहे, पुसवत नाही. तुम्ही भांडुपला, मुलुंडला, कुठेही डोंगराच्या पोटाशी राहत असाल, तर श्रद्धांजली वगैरे नको. पाऊस उघडला की भिंतीची भोकं बघा. बुजलेली दिसली तर त्याच दिवशी गवंडी आणा. आणि तो परवा येतो म्हणाला, तर मागच्या खोलीतल्या माणसांना आजच बाहेर काढा.