परबबाईंचं अळणी ताट

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. परबकाकांची वाचा गेली ती माझ्या हातून.

मी भूलतज्ज्ञ. लिव्हर ट्रान्सप्लान्टच्या टीममध्ये असतो. परबकाका कांजूरमार्गचे. लिव्हर निकामी झाल्याने पोटात पाणी साचलेलं, म्हणून जेवणात मीठ बंद. भूल देण्याआधी मला म्हणाले, "डॉक्टर, नवीन लिव्हर चाललं की सुक्या बांगड्याचा एक तुकडा. बाकी काय नको."

त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष डोनरच्या सोडियमवर. ब्रेन-डेड डोनरच्या रक्तात ते बऱ्याचदा खूप वाढतं. तसंच लिव्हर बसवलं तर पेशी फुगून ते नीट चालत नाही, अशी भीती. आयसीयूने सलाइन बदलून ते खाली आणलं होतं. काकांचं उलटं. अंगात पाणी जास्त, म्हणून सोडियम पातळ होऊन एकशे एकवीसवर. नॉर्मल एकशे पस्तीसच्या पुढे.

"सर, ह्यांचं फार कमी आहे," मी सर्जनना म्हणालो.

"अरे, लिव्हर बसलं की येईल वर. डोनरचं जमलं ना? मग चल."

कमी सोडियमची मेंदूला सवय झालेली असते. ते हळूहळूच वाढवायचं, दिवसाला आठ-दहाच्या आत. नाहीतर मेंदूतल्या नसांवरचं आवरण खराब होतं. हे मला पाठ होतं. पण ऑपरेशनमध्ये रक्तातलं ॲसिड वाढलं आणि मी सोडाबायकार्ब देत गेलो. त्यातही सोडियमच असतं. मधल्या रिपोर्टवर एकशे एकतीस दिसलं. मला बरंच वाटलं, नॉर्मलकडे चाललंय. तिथेच हात आखडायला हवा होता. शेवटी एकशे एकोणचाळीस.

लिव्हर झकास चाललं. काका दोन-चार दिवस बोलले, मग बोलणं गेलं. गिळणंही. एमआरआयने कारण दाखवलं, तेच खराब झालेलं आवरण.

काकांच्या बायकोने, परबबाईंनी, मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. "डॉक्टरांनू, सोडियम म्हणजे मीठच मां? मियाच बंद केलंय. म्हणान झाला ह्यां?"

"आम्ही सांगितलं तसंच तुम्ही केलंत," मी म्हणालो आणि लिफ्टकडे वळलो. खोटं नव्हतं. पण त्यांनी विचारलं होतं ते वेगळं.

काका आता तुटक बोलतात. जेवण अजून नळीतून. परवा फॉलोअपला त्यांची मुलगी म्हणाली, "आईने तेव्हापासून स्वतःच्या ताटात मीठ घेतलं नाही. बाबा गिळतील तेव्हाच, म्हणते. तुम्ही समजवा ना तिला." मी "बघतो" म्हणालो.

आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये हल्ली पेशंटचं सोडियम तासातासाला फळ्यावर लिहितात. तो नियम मीच आणला, कारण न सांगता. आकडा नॉर्मलकडे निघाला की किती वेगाने, हेही बघायचं.

परबबाईंचं मी एक वाक्य देणं लागतो. तुमच्या मीठ बंद करण्याने काही झालं नाही, ते माझ्याकडून झालं. हे इथे लिहून ते फिटत नाही.