काढून ठेवलेल्या स्प्रिंगा

गाडी माझ्या वडिलांच्या नावावर आहे. माजी सैनिक म्हणून त्यांना ती फौजेच्या कँटीनमधून सवलतीत मिळाली. पेट्रोल मी भरतो, धुतो मी, आणि एवढ्यावर मी ती माझी समजतो. साताऱ्यात अशा गाड्या गल्लोगल्ली आहेत, कागद बापाचे आणि किल्ली पोराकडे.

वडील फौजेत ट्रक चालवायचे. आता उजवा गुडघा वाकत नाही, त्यामुळे त्यांना पुढं बसता येत नाही. मागच्या सीटवर पाय आडवा टाकून ते बसायचे. महिन्याला कँटीन, पंधरा दिवसांनी दवाखाना, आणि रस्ताभर हुकूम. "क्लच दाब की रं." या गाडीला क्लच नाही हे मी त्यांना शंभरदा सांगितलं होतं. हायब्रीड गाडी बॅटरीवर चालू लागली की तिचा आवाज बंद होतो, मग फक्त त्यांचाच येतो. वर गुडघ्याच्या मलमाचा वास. घरात त्यांच्यावर माझी माया होती, गाडीत मला त्यांचा निव्वळ वैताग यायचा.

मला गाडी खाली बसवायची होती. कंपनीच्या स्प्रिंगांवर ती उंच दिसायची, चाकाच्या वर हात जाईल एवढी फट. सांगलीला एक मिस्त्री हे काम नीट करतो असं कळलं. त्याचे आजोबा ट्रकच्या स्प्रिंगांचे कमानपाटे बनवायचे. वडील म्हणाले, "मीबी येतो. स्प्रिंगातलं तुला काय कळतंय?"

मिस्त्रीनं दोन संच समोर ठेवले. एक गाडी इंचभर खाली नेणारा, दुसरा दोन इंच.

"हिची बॅटरी मागच्या सीटखाली हाय, मालक," तो म्हणाला. "मागं वजन आधीच जास्त. मागं मानूस बसत आसंल तर इंचाचीच घ्या. दोन इंचाची घातली अन् मागं कोन बसलं, तर दर खड्ड्याला टायर आत घासनार. मागं कोन बसतंय?"

वडील चार हातांवर स्टुलावर बसून चहा पीत होते. दोन्ही हातांनी पाय उचलून मागच्या दारातून उतरताना मिस्त्रीनं त्यांना दहा मिनिटांपूर्वीच पाहिलं होतं.

"कोण नाही," मी म्हणालो.

मिस्त्रीनं त्यांच्याकडे पाहिलं. वडिलांनी कप खाली ठेवला.

"व्हय. मागं कोन बसत न्हाई," ते म्हणाले.

माझ्या तोंडून ते चुकून गेलं नव्हतं. इंचाचा संच घेतला असता तरी माझं काही अडणार नव्हतं. मला ती सीट रिकामी हवी होती, आणि मिस्त्रीच्या प्रश्नानं ते सांगायची सोय झाली.

दोन इंचाच्या स्प्रिंगा बसवायला संध्याकाळ होणार होती. "मी यष्टीनं जातो, पाय मोकळा हुईल," म्हणून वडील उठले. मी स्टँडपर्यंत रिक्षा करून दिली. बसमध्ये त्यांनी तो पाय कुठं ठेवला, बसून आले की उभ्यानं, हे मी आजवर विचारलेलं नाही. परतताना मी मोठ्यानं गाणी लावली. फार छान वाटलं.

मिस्त्रीनं काढलेल्या स्प्रिंगा पोत्यात घालून दिल्या होत्या. "टाकू नका, लागतील." मी पोतं जिन्याखाली ढकललं. दुसऱ्या दिवशी ते वडिलांच्या कॉटखाली होतं.

याला दोन वर्षं झाली. वडील दवाखान्याला रिक्षानं जातात. कँटीनचं सामान शेजारचे आणून देतात. महिन्यातून एकदा ते कॉटवर बसून एकेक स्प्रिंग मांडीवर घेतात, पुसतात, तेल लावतात आणि जुन्या बनियनमध्ये गुंडाळतात. चारही स्प्रिंगांवर गंजाचा ठिपका नाही. मी दारातून बघतो. लाज वाटते. मग बाहेर येऊन गाडीकडे पाहिलं की जाते.

परवा त्यांनी मला हाक मारली.

"सांगलीकडं कवा जायचं हाय का रं?"

"नाही. का?"

"आसंच." त्यांनी चौथी स्प्रिंग गुंडाळली. "तेल संपलंय. येताना बाटली आनशील?"

मी आणून दिली.