एका हाताने मिटणारी बाबागाडी

"ताई, एका हातानं मिटली पाहिजे," असं म्हणत तो आमच्या बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये बाबागाडी उघडायचा, मिटवायचा, पुन्हा उघडायचा. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या बोचऱ्या वाऱ्यात कानटोपी घातलेला हा नागपूरचा इंजिनीअर तिच्या दांड्याशी झटापट करताना तुम्ही पाहिला असता, तर तुम्हीही माझ्यासारखेच हसला असतात.

"आणि दुसरा हात कशासाठी राखून ठेवलाय?" मी विचारायची.

"दुसऱ्या हातात बाळ राहते न, ताई. ट्रेन काही आपल्यासाठी थांबत नाही."

ट्रेन म्हणजे ब्रसेल्सची. तो आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. कंपनीनं वर्क परमिटवर आणलेला. सोबत बायको, पाच वर्षांची मुलगी आणि इथंच जन्मलेला तान्हा मुलगा. बायको नागपूरला शाळेत भूगोल शिकवायची. न बघता फळ्यावर युरोपचा नकाशा काढायची, हे त्यानं मला इतक्या वेळा सांगितलं होतं की मलाच ती काढताना दिसायची. इथं आल्यावर त्या युरोपातलं एक सुपरमार्केट आणि एक दवाखाना तिच्या वाट्याला आला. बाळंतपणानंतर तर ती बोलेनाशीच झाली. भर दुपारी पडदे ओढलेले असायचे. डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या. जिन्यात भेटली की मान हलवायची, तेवढंच.

त्यावर यानं स्वतःच इलाज शोधला. बँक हॉलिडेला, म्हणजे इथल्या सोमवारच्या सरकारी सुट्टीला जोडून तीन दिवस ब्रसेल्स.

"एकदा त्या समुद्राखालच्या ट्रेनमध्ये बसवली न, की बोलेल ती," तो म्हणायचा.

समुद्राखाली खिडकीतून नुसता काळोख दिसणार, असं मी त्याला म्हटलंही. माझी जीभ जरा तिखटच आहे.

"काळोख संपते न पुढे," तो म्हणाला आणि पुन्हा दांड्याला लागला.

एका शनिवारी त्यानं रंगीत तालीमच घेतली. तेव्हा आमच्या गावची आगगाडी जिथं संपायची त्या लंडनच्या वॉटर्लू स्टेशनातूनच युरोपची गाडी सुटायची. सगळं कुटुंब निघालं, मलाही ओढून नेलं. डब्यात मेथीचे पराठे घेऊन आम्ही युरोपच्या फाटकापर्यंत गेलो, काचेपलीकडे बॅगा ओढत चाललेली माणसं पाहिली, बाकावर बसून पराठे खाल्ले आणि परत आलो. मुलीनं काचेपलीकडच्या अनोळखी लोकांना टाटा केला.

"बाबा, नेक्स्ट टाइम आपण त्या साइडला?"

"हो गं. नेक्स्ट टाइम त्या साइडला."

बायको वर लावलेला गाड्यांचा बोर्ड वाचत होती. गावांची नावं वाचताना तिचे ओठ किंचित हलले. त्यानं मला कोपरानं ढोसलं. "पाहिलं का, ताई?" मी पाहिलं होतं. त्या दिवशी मलाही वाटलं, असेल बुवा याचं खरं.

घोडं अडलं ते बेल्जियमच्या व्हिसाच्या काउंटरवर. बाळाचा नवा पासपोर्ट कोरा होता. इथं जन्मलेल्या पोराला इथलाच व्हिसा कशाला लागेल, असं तो धरून चालला होता. मीही तेच समजत होते, आणि आपल्यातले कितीतरी जण तेव्हा तेच समजत होते. बाळाला देशाबाहेर जाता आलं असतं, परत येता आलं नसतं. आधी त्याची इथं राहायची परवानगी घ्या, मग या, असं सांगून काउंटरवरच्या बाईनं चारही पासपोर्ट परत दिले.

ते सगळे मग पोस्टानं परवानगीसाठी इथल्या गृहखात्याकडे गेले आणि तिकडेच राहिले. मेमधला बँक हॉलिडे गेला, ऑगस्टमधला गेला. "पुढच्या वेळी नक्की," असं म्हणताना तो माझ्याकडे बघेनासा झाला. वरचे पडदे आता सकाळीही उघडत नव्हते. एकदा तो ऑफिसातून आला तर बाळ रडून रडून झोपलेलं आणि ती शेजारी भिंतीकडे बघत बसलेली. त्यानंतर नागपूरहून तिच्या आईचा फोन आला. पोरीला आणि लेकरांना इकडे पाठवा, म्हणाल्या.  

पासपोर्ट आले तेव्हा थंडी सुरू झाली होती. व्हिसे सगळे जागच्या जागी होते. पण त्या पासपोर्टांचा पहिला उपयोग झाला तो हीथ्रो विमानतळावर, नागपूरच्या वाटेवर.

गाडी मी चालवत होते. मागच्या सीटवरून मुलीनं विचारलं, "बाबा, ट्रेनचा स्टेशन कधी येणार?" तिला वाटत होतं, आपण ब्रसेल्सला चाललोय. तिला खरं सांगायचं कुणाला सुचलंच नव्हतं, आणि तेव्हाही कुणी सांगितलं नाही.

चेक-इनच्या काउंटरवर बाबागाडी मिटवून मागितली. बाळ डाव्या हातावर घेऊन तो वाकला, उजव्या हातानं दांडा दाबला. गाडी एका झटक्यात मिटली. पार्किंगमध्ये ती इतकी सुरेख कधीच मिटली नव्हती.

बायको बघत होती.

"जमलं तुम्हाला," ती म्हणाली.

कित्येक महिन्यांत मी ऐकलेलं तिचं पहिलं वाक्य. मला रडू आवरेना. तिनं बाळ त्याच्याकडून घेतलं, मुलीचा हात धरला आणि सिक्युरिटीच्या दाराकडे चालू लागली. तिथं पोचल्यावर मुलगी वळली आणि त्या साइडनं आम्हाला टाटा करू लागली. त्याचे दोन्ही हात आता मोकळे होते. त्यानं एकही उचलला नाही.