देवानं न बसवलेला इंटरलॉक

भगतचं बोट प्रेसखाली गेलं आणि मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून पहिला प्रश्न विचारला, "चूक ऑपरेटरचीच ना?"

नव्वदच्या दशकात मी नवी मुंबईत महाप्याच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो. पॉवर प्रेस म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारं यंत्र. त्याला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे हात आपोआप सुरक्षित. हा झाला इंटरलॉक. आमच्या बहाद्दरांनी त्यावरही तोड काढलेली. एका बटणाच्या फटीत काडेपेटीची काडी खुपसायची. बटण दाबलेलंच राहतं, एक हात मोकळा, माल भराभर.

सकाळच्या पाळीतल्या कुणीतरी अशीच काडी खुपसून ठेवली. दुपारच्या पाळीला भगत त्या प्रेसवर आला. पत्रा सरळ करताना त्याचं कोपर दुसऱ्या बटणाला लागलं.

"मना काय ठाव, साहेब? मी नाय घातली काडी," तो हॉस्पिटलात रडत म्हणाला. मॅनेजरसाहेबांना मात्र रिपोर्टात त्याचंच नाव हवं होतं. म्हणजे नोकरीही गेली असती.

शॉपफ्लोअरवर जो तो म्हणे, देवाची मर्जी. माझं डोकंच फिरलं. समोर सुपरवायझर साळवे होते. मूळचे नगरचे ख्रिस्ती, रविवारी चर्चमध्ये संदेश, म्हणजे प्रवचन, देणारे. सगळा राग मी त्यांच्यावर काढला.

"साळवे, तुमचा प्रभू सर्वशक्तिमान ना? मग माणसालाच इंटरलॉक का नाही बसवला? वाईट करायला गेला की हात जाम!"

"मग तो माणूस नसता, साहेब, प्रेस असता. प्रेस कुणावर प्रेम करत नाही."

"आणि काडी घालणारा मोकळा, बोट भगतचं? हा कुठला न्याय?"

साळवे प्रेसकडे वळले. "न्याय नाहीच हा, साहेब. पण ह्याला देवाची मर्जी म्हणू नका. सकाळी ती काडी मी पाहिली होती. टार्गेट होतं. मी पुढे निघून गेलो."

"मॅनेजरसाहेबांसमोर बोलाल हे?"

"जबरदस्ती कुणाचीच नाही, देवाचीही नाही. म्हणून तर बोललं पाहिजे."

ते बोलले. साहेब संतापले, साळव्यांची रवानगी स्टोअरमध्ये झाली. भगतची नोकरी राहिली.

मी दोन्ही बटणांवर लोखंडी कव्हरं बसवून घेतली. महिन्याभरात कव्हराखाली पुन्हा काडी! मी तणतणत स्टोअरमध्ये गेलो आणि ती साळव्यांच्या टेबलावर आपटली. "आता काय म्हणतो तुमचा देव?"

साळव्यांनी काडी उचलून पाहिली. "वैतागला असेल, साहेब. तुमच्यासारखाच."

देवाचं मला माहीत नाही. मी मात्र दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पाळीला स्वतः राउंड घ्यायला लागलो.